जुनी मॅन्युअल फोकस टेलिफोटो झूम लेन्स कशी निवडावी, तपासावी आणि वापरावी

७०–२१० किंवा ८०–२०० मिमी आवाक्याची, हाताने फोकस करायची जुनी झूम लेन्स इतकी स्वस्त का मिळते, हे आधी समजून घेतले की खरेदीच्या वेळी भीती वाटत नाही आणि भुरळही पडत नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत फिल्मच्या एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा ५० मिमीची लेन्स येत असे, आणि हौशी छायाचित्रकार त्यानंतर जी दुसरी लेन्स घेई ती पुष्कळदा याच आवाक्याची झूम असे. त्यामुळे अशा लेन्स मोठ्या संख्येने बनल्या. १९८५ मध्ये ऑटोफोकसची यंत्रणा कॅमेऱ्यातच बसवलेला मिनोल्टा ७००० आला, १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिकेसाठी लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा आपला माउंटच बदलला, आणि चांगल्या स्थितीतल्या असंख्य लेन्स कपाटांत जाऊन पडल्या. आज आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांमुळे त्या पुन्हा वापरता येऊ लागल्या आहेत.

अशा काही लेन्स विकत घेऊन, वापरून आणि एक-दोनदा फसूनही माझे मत असे झाले आहे की, आपण लेन्सवर कोरलेल्या नावाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतो. हातातल्या नगाची प्रकृती आणि मधला अ‍ॅडॉप्टर या दोन गोष्टींकडे मात्र पुरेसे पाहत नाही. पुढे सांगितलेल्या पायऱ्यांमध्ये म्हणूनच तपासणी आणि अ‍ॅडॉप्टर यांना अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: लेन्सच्या आधी आपला कॅमेरा पाहावा

प्रत्येक माउंटसाठी लेन्सची बैठक आणि सेन्सर यांच्यातले अंतर ठरलेले असते. जुन्या एसएलआर लेन्ससाठी ते कॅनन एफडीला ४२ मिमी, मिनोल्टाच्या एमडीला ४३.५, पेंटॅक्स के आणि एम४२ या दोन्हींना ४५.४६, ऑलिंपस ओएमला ४६ आणि निकॉन एफला ४६.५ मिमी आहे. मिररलेस कॅमेऱ्यांत हेच अंतर खूप कमी असते: निकॉन झेडमध्ये १६, फुजी एक्समध्ये १७.७, सोनी ईमध्ये १८, मायक्रो फोर थर्ड्समध्ये १९.२५ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमी. दोन्हींमधला फरक भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडॉप्टर. मिररलेस कॅमेरा असलेल्याला त्यामुळे जवळजवळ कोणतीही जुनी एसएलआर लेन्स चालते, आणि आत काच नसलेला साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो.

डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला डिजिटल कॅमेरा असेल तर गणित बदलते. कॅनन ईएफ माउंटचे अंतर ४४ मिमी असल्याने निकॉन एफ, ओएम, पेंटॅक्स के आणि एम४२ माउंटच्या लेन्स त्यावर पातळ कड्याच्या साहाय्याने बसतात. पण कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स बसवायच्या तर अ‍ॅडॉप्टरमध्ये काच लागते, आणि ही स्वस्त काच लेन्सची गुणवत्ता बहुधा खालीच आणते. निकॉनच्या डीएसएलआरवर निकॉनच्याच लेन्स वापराव्यात. त्यातही १९७७ पूर्वीच्या, ‘एआय’ पद्धतीत न बदललेल्या लेन्स अनेक निकॉन कॅमेऱ्यांच्या बैठकीवरील तरफेला इजा करू शकतात, म्हणून आपल्या मॉडेलसाठी त्या सुरक्षित आहेत का हे आधी पाहूनच बसवाव्यात. पेंटॅक्सच्या डीएसएलआरवर के माउंटच्या जुन्या लेन्स थेट बसतात, मात्र रिकोहच्या काही के माउंट लेन्सच्या मागे एक जादा पिन असते, जी ऑटोफोकसच्या पेंटॅक्स कॅमेऱ्यात अडकून बसते आणि मग लेन्स निघता निघत नाही.

सेन्सरचा आकारही येथेच लक्षात घ्यावा. १.५ पट क्रॉपच्या एपीएस-सी सेन्सरवर ७०–२१० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरील, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवरील १०५–३१५ मिमीइतकी चौकट दाखवते, तर मायक्रो फोर थर्ड्सवर तीच १४०–४२० मिमीसारखी वागते. म्हणून पक्ष्यांसाठी ‘३०० मिमी तरी हवीच’ असा आग्रह लहान सेन्सरवाल्याने धरू नये. त्या काळातल्या स्वस्त १००–३०० मिमी लेन्सपेक्षा २०० किंवा २१० वर थांबणारी लेन्स दूरच्या टोकाला बहुधा अधिक रेखीव चित्र देते.

दुसरी पायरी: कोणती लेन्स शोधावी

पहिल्यांदाच घेणाऱ्याने कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या, संपूर्ण आवाक्यात कमाल अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/४ कायम ठेवणाऱ्या लेन्सपासून सुरुवात करावी. कॅननची न्यू एफडी ७०–२१० एफ/४, मिनोल्टाची एमडी ७०–२१० एफ/४, निकॉनची सिरीज ई ७०–२१० एफ/४ आणि पेंटॅक्स-ए ७०–२१० एफ/४ या चौघींत निवड करताना मी लेन्सपेक्षा नग पाहीन. (मिनोल्टाच्या रचनेची ७०–२१० एफ/४ लेन्स लायकाने आपल्या आर मालिकेत स्वतःच्या नावाने विकली होती. नाव बदलले की किंमत कशी बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे.) ऑलिंपसची झुइको ६५–२०० एफ/४ हीदेखील याच पंक्तीतली आहे.

वजन सोसत नसेल तर ७५–१५० मिमीच्या लेन्स पाहाव्यात. निकॉनची सिरीज ई ७५–१५० एफ/३.५ आणि ऑलिंपसची झुइको ७५–१५० एफ/४ या दोन्ही लहान आहेत आणि व्यक्तिचित्रांना अतिशय सोयीच्या आहेत. निकॉनच्या या लेन्सचा एक दोष प्रसिद्ध आहे: तिची झूम रिंग इतकी सैल होते की कॅमेरा खाली झुकवताच ती आपोआप सरकते. पुढे त्यावर उपाय सांगितला आहे, म्हणून तेवढ्यावरून ती नाकारू नये.

स्वतंत्र लेन्स उत्पादकांमध्ये व्हिव्हिटारच्या सिरीज १, ७०–२१० मिमी या लेन्सचे नाव सर्वांत आधी निघते, आणि तिच्याबाबत थोडी माहिती असल्याशिवाय खरेदी करू नये. व्हिव्हिटार स्वतः लेन्स बनवत नसे. ती वेगवेगळ्या जपानी कारखान्यांकडून करवून घेत असे, आणि अनुक्रमांकाचे पहिले दोन अंक कारखाना सांगतात. २२ ने सुरू होणारी लेन्स किनो प्रिसिजनची असते. हीच पहिली आवृत्ती, एफ/३.५, ६७ मिमी फिल्टरची, जड, आणि मॅक्रो स्थितीत वस्तूची प्रतिमा जवळजवळ निम्म्या आकारापर्यंत नेणारी. ३७ म्हणजे टोकिना. ही दुसरी आवृत्ती, एफ/३.५ च, पण ६२ मिमी फिल्टरची. २८ म्हणजे कोमिने; ही तिसरी आवृत्ती, जिचे अ‍ॅपर्चर एफ/२.८ पासून एफ/४ पर्यंत बदलते. तिन्हींमध्ये शेवटची मला सर्वांत आवडते, कारण ती तुलनेने हलकी आहे आणि उघड्या अ‍ॅपर्चरला अधिक स्वच्छ वाटते. परंतु पहिल्या आवृत्तीच्या धातूच्या घडणीवर जीव जडलेल्यांशी मी वाद घालणार नाही.

टॅमरॉनची १९७९ पासूनची अ‍ॅडॅप्टॉल-२ पद्धत वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. या लेन्सची मागची बैठक सुटी निघते आणि तिच्या जागी दुसऱ्या माउंटची बैठक बसते, त्यामुळे पुढे कॅमेरा बदलला तरी लेन्स टाकावी लागत नाही. ८०–२१० एफ/३.८–४ (मॉडेल १०३ए) ही त्यांतली सहज सापडणारी आणि खिशाला न टोचणारी, तर एसपी ७०–२१० एफ/३.५ (१९एएच) ही वरच्या दर्जाची. घेताना बैठक सोबत आहे ना, हे पाहावे. बैठक नसलेली लेन्स स्वस्त दिसते आणि मग बैठक शोधण्यात पैसे जातात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, दूरच्या टोकाला एफ/५.६ पर्यंत मंदावणाऱ्या हलक्या प्लॅस्टिकच्या झूम लेन्स फुकट मिळाल्या तर वापराव्यात. मुद्दाम शोधू नयेत.

तिसरी पायरी: हातात घेऊन तपासणी

एक लहान पण तेजस्वी टॉर्च जवळ असावा. लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरावा आणि पुढच्या काचेतून आत पाहावे. टॉर्च थोडा थोडा फिरवत राहिले की प्रत्येक काचेचा पृष्ठभाग पाळीपाळीने उजळतो. या उजेडात सर्वच जुन्या लेन्स घाबरवणाऱ्या दिसतात. आत तरंगणारे धुळीचे कण मोजत बसू नये, त्यांचा चित्रावर काहीही परिणाम होत नाही. ओढून-ढकलून झूम होणाऱ्या लेन्स तर प्रत्येक हालचालीत हवा आत-बाहेर करतात, आणि तिच्याबरोबर धूळही.

पाहायचे ते वेगळेच. काचेच्या कडेकडून आत पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फाटे फुटलेले पांढुरके धागे म्हणजे बुरशी. सगळ्या काचेवर सारखे पसरलेले, श्वास सोडल्यासारखे मळभ म्हणजे तेलाची वाफ किंवा जुना ओलावा. ते बुरशीहूनही फसवे, कारण साध्या उजेडात दिसत नाही आणि चित्रातला सगळा उठाव मात्र खाऊन टाकते. काचेच्या कडेला इंद्रधनुषी चकाकी असलेला डाग दिसला तर दोन काचा चिकटवणारा थर सुटू लागला आहे असे समजावे. हा दोष दुरुस्त करण्यात अर्थ नसतो.

ही तपासणी झूमच्या दोन्ही टोकांना करावी. मी एकदा ‘नव्यासारखी’ म्हणून विकली जाणारी ८०–२०० घेतली होती. विक्रेत्याने दाखवली तेव्हा ती आखूड टोकाला, ८० वर होती, आणि मीही टॉर्च मारून समाधानाने मान डोलावली. घरी आल्यावर २०० पर्यंत ओढली, तेव्हा आतला काचसमूह सरकला आणि त्याच्या मागच्या काचेवर नखाएवढे बुरशीचे फूल उमललेले दिसले. ८० वर ते पुढच्या काचांच्या आड, अशा कोनात होते की टॉर्चचा प्रकाश तिथवर पोहोचलाच नव्हता. विक्रेत्यालाही ते ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे.

त्यानंतर अ‍ॅपर्चरची पाती पाहावीत. त्यांवर तेलाची चमक असेल तर ती कितपत गंभीर मानायची, हे कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. फिल्म कॅमेऱ्यावर किंवा त्याच माउंटच्या डीएसएलआरवर पाती शटर उघडण्याच्या क्षणी झटक्यात मिटावी लागतात. ती चिकटली तर चित्र जास्त उजळ येते. मिररलेसवर अ‍ॅडॉप्टर लावल्यावर मात्र पाती आपण फिरवू तेव्हाच, सावकाश मिटतात, आणि मंद पात्यांचा काहीच तोटा होत नाही. तरीही तेल भरपूर असेल तर ते पुढे वाफ होऊन काचेवर बसते, एवढे लक्षात ठेवावे.

यांत्रिक बाजू कानाने आणि हाताने कळते. लेन्स कानाजवळ धरून हलकेच हलवावी. सुट्या स्क्रूचा खुळखुळाट लगेच ऐकू येतो. पुढचा भाग बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहावा. थोडी ढिलाई चालते, पण तो मान डोलावत असेल तर आतल्या मार्गिका झिजल्या आहेत आणि चित्राची एक बाजू नेहमी मऊ येईल. फोकस रिंग संपूर्ण फेऱ्यात सारख्याच जडपणाने फिरली पाहिजे. मध्येच करकर लागणे किंवा एका ठिकाणी अडणे हे पडझडीचे लक्षण असते. फिल्टर बसतो त्या कडेला पोचा असेल तर तोही हेच सांगतो.

शक्य असेल तर आपला कॅमेरा लावून चार चित्रे घ्यावीत. दूरवरची एकच स्पष्ट वस्तू, उदाहरणार्थ एखाद्या मनोऱ्याचा कठडा, चौकटीच्या चारही कोपऱ्यांत पाळीपाळीने ठेवून दूरच्या टोकाला, एफ/५.६ वर चित्रे काढावीत आणि मोठी करून पाहावीत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा वितळल्यासारखा असेल तर आतली काच जागेवरून हललेली आहे.

चौथी पायरी: अ‍ॅडॉप्टर, ज्याला झूम लेन्स क्षमा करत नाही

साध्या, झूम नसलेल्या लेन्सला अ‍ॅडॉप्टर किंचित आखूड असला तरी काही बिघडत नाही. फोकस रिंग थोडी वेगळ्या ठिकाणी थांबते, इतकेच. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे आखूड बनवतात, कारण लांब झाला तर दूरवर फोकसच होणार नाही आणि गिऱ्हाईक तक्रार करील. म्हणून अशा अ‍ॅडॉप्टरवर रिंग अनंताच्या खुणेपर्यंत रेटून चित्र काढले तर ते हमखास धूसर येते. लेन्स वाईट आहे असा निष्कर्ष काढून ती विकून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. दूरच्या डोंगरावरही नजरेने पाहूनच फोकस करावा, खुणेवर विसंबू नये.

झूम लेन्सच्या बाबतीत हाच आखूडपणा आणखी एक बिघाड करतो. या काळातल्या पुष्कळ झूम लेन्स अशा रचलेल्या असतात की २०० वर साधलेला फोकस ७० पर्यंत मागे येतानाही टिकून राहतो. हा गुण बैठक आणि सेन्सर यांच्यातले अंतर अचूक असेल तरच शिल्लक राहतो. फोकस रिंग बहुधा फक्त पुढचा काचसमूह हलवते, आणि त्या हालचालीचा सेन्सरवरचा परिणाम फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिमीतल्या आकड्याच्या) वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समजा, अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमीने आखूड आहे. २०० वर आपण रिंग फिरवून ती चूक पूर्ण भरून काढली. आता ७० वर आलो की त्याच फिरवण्याचा परिणाम ७०/२०० च्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे आठव्या भागाइतकाच उरतो, आणि जवळजवळ ०.०८८ मिमीची चूक तशीच राहते. एफ/४ वर यामुळे प्रत्येक बिंदू सुमारे ०.०२२ मिमीचा ठिपका होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर तो जवळपास चार पिक्सेल रुंद असतो. ‘ही लेन्स झूम केल्यावर फोकस सोडते’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष पुष्कळदा लेन्सचा नसून मधल्या नळीचा असतो.

तपासणी सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, खूप दूरच्या वस्तूवर लांब टोकाला, पडद्यावर चित्र मोठे करून फोकस करावा. मग रिंगला हात न लावता आखूड टोकाला यावे आणि पुन्हा मोठे करून पाहावे. रिंग पुन्हा फिरवावी लागली, आणि ती प्रत्येक वेळी एकाच दिशेने फिरवावी लागली, तर अ‍ॅडॉप्टर संशयित आहे. अनेक अ‍ॅडॉप्टरची एक बाजू चार किंवा सहा बारीक स्क्रूंनी जोडलेली असते. ते स्क्रू काढून, कड्याच्या आकाराची पातळ पट्टी मध्ये घालून अंतर वाढवता येते. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ मिमी, म्हणून फॉइलचा एकेक थर वाढवत चाचणी पुन्हा करावी. पट्टी सर्व बाजूंनी सलग असावी, नाहीतर बैठक तिरकी होईल. पहिल्यांदा या कामात माझी एक अख्खी दुपार गेली, पण त्यानंतर जिला मी वर्षभर नावे ठेवत होतो ती लेन्स मुकाट्याने नीट वागू लागली.

अ‍ॅडॉप्टर घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याची आतली भिंत काळी आणि खडबडीत असावी, चकाकणारी नसावी. आणि कॅनन एफडीसाठीच्या अ‍ॅडॉप्टरवर फिरणारे कडे असते, जे लेन्स बसवल्यावर योग्य स्थितीत न नेल्यास अ‍ॅपर्चर रिंग फिरूनही पाती हलतच नाहीत. एम४२ लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा खटका असेल तर तो मॅन्युअलवर ठेवावा. खटका नसेल तर मागची पिन दाबून धरणारा, आत पाळ असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो.

अर्धा ते एक किलो वजनाची लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लटकत असते, याचेही भान असावे. चालताना लेन्सखाली हात असावा, आणि तिपाईवर लावताना शक्य असेल तर तळाशी पाय असलेला अ‍ॅडॉप्टर वापरून वजन मध्यावर घ्यावे.

पाचवी पायरी: कॅमेऱ्यातल्या सोयी लावून घेणे

मिररलेस कॅमेऱ्याला अशी लेन्स दिसतच नाही, म्हणून मेनूमध्ये ‘लेन्स नसताना शटर’ ही सोय प्रथम सुरू करावी. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्राधान्यावर ठेवला तर लेन्सवर निवडलेल्या अ‍ॅपर्चरनुसार शटरचा वेग तो स्वतः ठरवतो. हात हलण्याची भीती लांब टोकाला खरी असते. फुल फ्रेमवर २०० मिमीला किमान १/२५० सेकंद, लहान सेन्सरवर १/४०० च्या आसपास, आणि हलत्या विषयासाठी त्याहूनही जास्त वेग ठेवावा. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवावा. कणीदार चित्र नंतर सुधारता येते, हललेले येत नाही.

सेन्सर हलवून स्थिरीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते, आणि झूम लेन्समध्ये ती सतत बदलते. २०० सांगून ठेवली आणि आपण ७० वर आलो, तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो आणि स्थिर हातातले चित्रही हलवून ठेवतो. हा आकडा बदलण्याचे काम एखाद्या बटणावर बसवून घ्यावे. तेवढे करायचे नसेल तर आखूड टोकाला स्थिरीकरण बंद ठेवलेले बरे.

सहावी पायरी: हाताने फोकस करण्याचा सराव

पाच मीटरवर उभ्या असलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. फुल फ्रेमवर ७० मिमी, एफ/४ ला तिच्या पुढेमागे मिळून सुमारे १.२ मीटर पट्टा स्पष्ट दिसतो. तिथेच उभे राहून २०० वर गेलो की तो पट्टा सुमारे १५ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानामागेपर्यंत. यातून सराव कसा करायचा ते आपोआप कळते: फोकस नेहमी लांब टोकाला साधावा, जिथे चूक डोळ्यांना झटकन दिसते, आणि मग हवी ती चौकट मिळेपर्यंत मागे यावे. अर्थात यासाठी चौथ्या पायरीतला अ‍ॅडॉप्टर जुळलेला हवा.

स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी फोकस पीकिंगची सोय लांबून उपयोगी वाटते, पण २०० मिमीवर ती नाक आणि डोळा दोन्हीकडे सारखीच झळकते. म्हणून स्थिर विषयासाठी चित्र मोठे करून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. रिंग एका दिशेने फिरवत स्पष्टतेच्या पलीकडे किंचित जावे आणि परत यावे. शिखर कुठे आहे हे पलीकडे गेल्याशिवाय नीट कळत नाही.

ओढून-ढकलून झूम होणाऱ्या लेन्सवर एकच रुंद रिंग दोन्ही कामे करते: फिरवली की फोकस, सरकवली की झूम. डावा तळहात लेन्सच्या खाली ठेवून अंगठा आणि दोन बोटांनी ती हाताळली की दोन्ही कामे न पाहता जमतात. दोन वेगळ्या रिंग असलेल्या लेन्सपेक्षा मला हीच पद्धत जलद वाटते. त्रास इतकाच की, फोकस फिरवताना नकळत झूमही सरकते.

उडणाऱ्या पक्ष्याचा किंवा धावणाऱ्या मुलाचा पाठलाग करत रिंग फिरवण्याचा हट्ट सुरुवातीला सोडून द्यावा. विषय जिथून जाणार ती जागा ओळखावी, तिथल्या एखाद्या फांदीवर, फरशीच्या सांध्यावर किंवा खांबावर फोकस करून ठेवावा, आणि विषय तिथे येण्याच्या किंचित आधी सलग चार-पाच चित्रे घ्यावीत. पाचांतले एक साधले तरी चांगले.

सातवी पायरी: प्रकाश आणि अ‍ॅपर्चर

या लेन्सवरचे आवरण आजच्या लेन्सइतके सक्षम नसते, आणि बाजूने येणारा प्रकाश सगळ्या चित्रावर दुधी पडदा टाकतो. म्हणून हूड नेहमी लावावा. कित्येक लेन्समध्ये तो अंगातच असतो, पुढे ओढला की बाहेर येतो. इतरांसाठी रबरी हूड पुरतो. एपीएस-सी सेन्सर असेल तर लेन्सबरोबरच्या मूळ हूडपेक्षा लांब हूडही चालतो, कारण चौकट अरुंद झालेली असते. पुढे लावलेला जुना यूव्ही फिल्टर काढून टाकावा. तो नसता मी दोन-तीन लेन्स अधिक लवकर आवडून घेतल्या असत्या.

उघड्या अ‍ॅपर्चरला, पांढऱ्या आकाशापुढच्या काळ्या फांद्यांना जांभळी-हिरवी कड दिसते. चौकटीच्या कोपऱ्यांत दिसणारी रंगीत कड संगणकावर सहज निघते. पण फोकसच्या पुढेमागे दिसणारा जांभळेपणा नीट निघत नाही, तो एफ/५.६ ते एफ/८ वर नेऊनच कमी करावा. रॉ स्वरूपात चित्र काढून नंतर उठाव थोडा वाढवला की जुन्या लेन्सचे चित्र पुष्कळदा ओळखूही येत नाही.

लेन्सवरील ‘मॅक्रो’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. बहुतेक झूम लेन्समध्ये त्याचा अर्थ वस्तूच्या साधारण एक चतुर्थांश आकाराची प्रतिमा इतकाच असतो. फुलपाखराला ते पुरते, मुंगीला नाही.

आठवी पायरी: डागडुजी आणि जपणूक

आपोआप सरकणाऱ्या झूमसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुंद रबरी पट्टा: तो अर्धा सरकत्या रिंगवर आणि अर्धा स्थिर भागावर येईल असा चढवावा, म्हणजे घर्षणाने लेन्स जागच्या जागी थांबते. पांढरी पडलेली रबरी पकड ओलसर फडक्याने पुसून घ्यावी. बाहेरच्या काचेवरची नुकतीच सुरू झालेली बुरशी लेन्स पुसण्याच्या द्रवाने निघते. आतली असेल तर लेन्स स्वतः उघडू नये, कारण झूमचे काचसमूह पुन्हा त्याच मापात बसवणे हे साधनांशिवाय होणारे काम नाही.

ठेवताना मूळ चामडी पेटी कितीही देखणी असली तरी तिच्यात ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि बुरशीला घर मिळते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शक्य असल्यास आर्द्रता दाखवणारा छोटा मापक असावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे. बुरशी असलेली लेन्स चांगल्या लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवावी. महिन्यातून एकदा प्रत्येक लेन्स बाहेर काढून तिच्या तिन्ही हालचाली, झूम, फोकस आणि अ‍ॅपर्चर, टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा वेळा करून घ्याव्यात, म्हणजे आतले वंगण एका जागी साकळत नाही. फॉइलचे थर घालून जुळवलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या बाहेरच्या कडेवर थरांची संख्या आणि तारीख बारीक अक्षरांत लिहून ठेवावी. माझ्या एका अ‍ॅडॉप्टरवर ‘सहा’ असे लिहिलेले आहे, आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर चुकून लावला की दूरच्या कठड्यावर ते लगेच दिसते.